गोंगाट वजा करणारे बीजगणित

नववीच्या वर्गात बहुपदींचा गुणाकार शिकवून झाला की एखादा विद्यार्थी विचारतोच, "सर, याचा उपयोग काय?" पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. येथील कितीतरी घरांत लेथ, डाय, गेज हे शब्द रोजचे असतात. आईवडील कारखान्यात जे बनवतात त्याचा उपयोग मुलांना डोळ्यांनी दिसतो. (अ − १)(ब − १) चा मात्र दिसत नाही. "पुढे कळेल" या उत्तराने कोणाचेच समाधान होत नाही. म्हणून या लेखात आम्ही असे एक संशोधन सांगणार आहोत, की ज्याचा गाभा नववीच्या बीजगणितात आहे आणि ज्यातील महत्त्वाचा भाग येथून जवळच, पुण्याच्या आयुका या संस्थेत झाला.

उशीर म्हणजे गुणाकार

सुरुवात कारखान्यातूनच करू. भोसरीतील एखाद्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेस चालू आहे आणि सुपरवायझर फोनवर बोलत आहे. एक मायक्रोफोन त्याच्या तोंडाजवळ आहे, दुसरा प्रेसजवळ. दोहोंतील अंतर ३.४ मीटर समजू. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, म्हणजे प्रेसचा आवाज तोंडाजवळ सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका उशिरा पोचतो. आता प्रेसजवळची नोंद तेवढीच मागे सरकवली, तिची पातळी जुळवली आणि पहिल्या नोंदीतून वजा केली, तर प्रेसचा आवाज बराचसा जाईल व बोलणे उरेल. संगणकाला बोलणे ओळखायला शिकवताना गोंगाट काढण्याच्या ज्या युक्त्या वापरतात, त्यांतील ही एक मूळ युक्ती होय.

'नोंद ठरावीक वेळाने मागे सरकवणे' या क्रियेला आपण अ हे अक्षर देऊ आणि तिला 'विलंबक' म्हणू. ती दोनदा केली तर दुप्पट उशीर. त्याला अ² लिहू. पत्र्याच्या छतावरून आवाज परत आला तर आणखी एक विलंबक, ब. आधी अ आणि मग ब केले, किंवा उलट क्रमाने केले, तरी एकूण उशीर तोच. म्हणजे अब = बअ. काहीच न करणे म्हणजे १. बेरीज, वजाबाकी, गुणाकार सगळे आले. उशिरांचे गणित बहुपदींचे गणित झाले!

२५ लाख किलोमीटरची भुजा

आता कारखान्यातून अंतराळात जाऊ. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो या उपकरणाने गुरुत्वीय लहरींची पहिली थेट नोंद केली. लायगोच्या भुजा ४ किलोमीटरच्या आहेत. अतिप्रचंड कृष्णविवरांच्या मीलनातून येणाऱ्या अतिमंद लहरी मात्र पृथ्वीवर टिपता येत नाहीत; जमिनीच्या थरथरीत त्या बुडून जातात. त्यासाठी युरोपीय अंतराळ संस्थेने २५ जानेवारी २०२४ रोजी 'लिसा' या मोहिमेला अंतिम संमती दिली. उड्डाण २०३५ च्या सुमारास अपेक्षित आहे. तीन याने सूर्याभोवती फिरत एक त्रिकोण करतील. त्याची प्रत्येक बाजू सुमारे २५ लाख किलोमीटर; ती ओलांडायला प्रकाशाला ८.३ सेकंद लागतात.

गुरुत्वीय लहरीमुळे या बाजूंच्या लांबीत होणारा बदल अणूच्या आकारापेक्षाही लहान असेल. तो लेसरने मोजायचा. पण लेसरची वारंवारता स्वतःच किंचित डळमळते. हा 'गोंगाट' लहरीच्या संकेताहून कोटीपटीने, किंबहुना त्याहूनही मोठा आहे. दोन्ही भुजा अगदी समान असत्या तर परतलेल्या प्रकाशातील गोंगाट एकमेकांतून वजा झाला असता. पृथ्वीवर भुजा समान ठेवता येतात. फिरत्या यानांच्या बाबतीत त्यांत एखाद्या टक्क्याचा फरक राहतोच.

सोयीसाठी साधे रूप घेऊ. ग हा लेसरचा गोंगाट. पहिल्या भुजेत जाऊन परत येण्याचा उशीर अ, दुसऱ्या भुजेतील ब. परतलेला प्रकाश जागच्या लेसरशी ताडून पाहिला की दोन नोंदी मिळतात:

प = (अ − १)ग, फ = (ब − १)ग

ग आपल्याला माहीत नाही. तरीही तिरका गुणाकार करा:

(ब − १)प − (अ − १)फ = ०

गोंगाट पूर्ण गेला! अब = बअ या एका नियमावर हे घडले. अमेरिकेतील मासिमो टिंटो व जॉन आर्मस्ट्राँग यांनी १९९९ मध्ये ही रीत मांडली.

फळ्यावर करून पाहा

अ म्हणजे १ सेकंद उशीर, ब म्हणजे २ सेकंद, असे धरा. ०, १, २, ३ या सेकंदांना गोंगाट ५, २, ८, १ आहे. तो विद्यार्थ्यांना दाखवू नका. फळ्यावर फक्त नोंदी लिहा. १, २, ३ या सेकंदांना प = ३, −६, ७. २ व ३ या सेकंदांना फ = −३, १. वरील सूत्र तिसऱ्या सेकंदाला असे होते: १ ल्या सेकंदाचा प, वजा ३ ऱ्याचा प, वजा २ ऱ्याचा फ, अधिक ३ ऱ्याचा फ. म्हणजे ३ − ७ + ३ + १ = ०. आता 'लहर आली' म्हणून तिसऱ्या सेकंदाच्या प मध्ये गुपचूप १० मिळवा. उत्तर −१० येईल. गोंगाट गेला, संकेत उरला.

एखादा चाणाक्ष विद्यार्थी म्हणेल, "याहून सोपे नाते आहे. ३ ऱ्या सेकंदाचा फ म्हणजे २ ऱ्या व ३ ऱ्या सेकंदांच्या प ची बेरीज!" त्याचे बरोबर आहे, कारण येथे ब = अ². लिसात दोन उशिरांचा असा सोपा संबंध नसतो. पण गोंगाट शून्य करणारी नाती अनेक असतात. मग अशी सगळी नाती कोणती?

सगळी नाती कोणती?

नेमका हाच प्रश्न आयुकातील संजीव धुरंधर व राजेश नायक आणि फ्रान्सचे ज्याँ-इव्ह व्हिने यांनी घेतला आणि २००२ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू डी' या नियतकालिकात त्याचे उत्तर दिले. प्रत्येक यानात दोन, अशा एकूण सहा नोंदी. तिन्ही बाजूंचे तीन विलंबक. त्यांच्या बहुपदींचे एक 'वलय' बनते. गोंगाट शून्य करणाऱ्या नात्यांना अमूर्त बीजगणितात पूर्वीपासून 'सिझिजी' हे नाव आहे. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'एकत्र जुंपलेले'. भुजांची लांबी बदलत नाही असे धरल्यास सगळी नाती केवळ चार जनक नात्यांपासून बनवता येतात, असे या तिघांनी दाखवले. ती शोधायला त्यांनी 'ग्रोब्नर आधार' ही पद्धत वापरली. ब्रुनो बुखबर्गर यांनी ती १९६५ मध्ये आपल्या प्रबंधात मांडली आणि पुढे तिला आपले गुरू ग्रोब्नर यांचे नाव दिले. गुरुत्वीय लहरी तेव्हा त्यांच्या मनातही नव्हत्या.

प्रत्यक्षात याने हलत राहतात, त्यामुळे उशीरही बदलतात. मग आधी अ की आधी ब याने फरक पडतो आणि अब = बअ हे काटेकोरपणे खरे राहत नाही. पुढचे बरेच संशोधन या अडचणीवर झाले आहे. जो क्रमनिरपेक्ष नियम मुले एका ओळीत पाठ करून पुढे जातात, त्याची किंमत तो मोडतो तेव्हा कळते.

तेव्हा "उपयोग काय?" असे कोणी विचारले, की वरील चार आकडे फळ्यावर मांडावेत, असे आम्ही सुचवतो. पुढे २ व ३ सेकंदांचे उशीर देऊन सर्वांत लहान नाते शोधायला सांगावे. अवयव पाडता येणाऱ्या विद्यार्थ्याला ते सापडेल.