एअर का सरफेस?

पुण्याला चार किलो पेढे पाठवायचे म्हटलं की हुबळीतला कुरिअरवाला डबा काट्यावर ठेवता ठेवताच विचारतो, “एअर का सरफेस?” माझं उत्तर ठरलेलं आहे: सरफेस. पैसे वाचतात हे खरंच, पण कारण तेवढंच नाही.

एक टन माल एक किलोमीटर नेला की झाला एक टन-किलोमीटर. एवढ्या कामाला बोट साधारण १० ते २० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते, रेल्वे २० ते ५०, भरलेला मोठा ट्रक शंभरेक ग्रॅम आणि विमान अर्धा ते एक किलो. आता पेढ्यांचं बघू. हुबळी ते पुणे रस्त्यानं सुमारे ४३० किलोमीटर, म्हणजे ट्रकनं पावणेदोनशे ग्रॅम वायू. एअरचा डबा बेंगळुरूमार्गे फिरून गेला, तर तोच आकडा दोन ते चार किलो. पेढ्यांच्या वजनाइतका वायू! यात अतिशयोक्ती नाही. एक किलो विमान-इंधन जळलं की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, कारण त्यातला ऑक्सिजन हवेतून येतो.

विमानाला एवढं इंधन का लागतं, हे घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉक स्टेशनात गेलं की कळतं. मुरगाव बंदरातला कोळसा घेऊन मालगाडी कुळ्याहून ब्रागांझा घाट चढते तेव्हा चढ ३७ला १ असतो आणि ढकलायला जादा इंजिनं जोडावी लागतात. ही चढण जेमतेम साडेपाचशे मीटरची. वर आलं की लोखंडी रुळावर लोखंडी चाक जवळजवळ घर्षणाशिवाय धावतं. हुबळीचा १५०७ मीटरचा, जगातला सर्वांत लांब प्लॅटफॉर्म आपण कौतुकानं दाखवतो. तेवढ्या लांबीत एकामागे एक दोन मालगाड्या मावतात आणि त्यातली एकच साडेतीन हजार टनांहून जास्त माल ओढते. मोठं मालवाहू विमान नेतं शंभरेक टन. तेही दहा किलोमीटर वर चढून, आणि मग तिथं नुसतं टिकून राहण्यासाठीही हवा सतत खाली लोटत. बोटीचं ओझं पाणी फुकट पेलतं. शिवाय विमानाला पुढच्या टप्प्याचं इंधन वाहण्यासाठीसुद्धा इंधन जाळावं लागतं.

“विमान तसंही जाणारच होतं,” असं कुणीतरी म्हणतंच. जगातला बराचसा हवाई माल प्रवासी विमानांच्या पोटातूनच जातो, हे कबूल. पण त्या मालाच्या भाड्यावरच कितीतरी फेऱ्या परवडतात, त्यामुळे पेढे काही फुकटे प्रवासी ठरत नाहीत.

आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर पेढ्याच्या बाबतीत खरा गुन्हेगार ट्रक नाहीच, म्हैस आहे. किलोभर पेढ्याला तीन-चार लिटर दूध आटवावं लागतं, आणि म्हशीच्या पोटातल्या मिथेनचा हिशेब मांडला तर पुण्यापर्यंतचा ट्रक त्यात दिसतही नाही. धारवाडला पेढ्यांच्या लाइन बाजारात उभं राहून हे बोलू नये, एवढंच.

आंब्याचं उलट आहे. झाडावर त्याचा भार थोडा, प्रवासात सगळा. डझनभर हापूस, म्हणजे तीन किलो धरा, मुंबईहून लंडनला विमानानं गेला तर अकरा ते बावीस किलो वायू. सुएझमार्गे थंड कंटेनरमधून गेला तर अर्ध्या किलोच्या आसपास, आणि तेही अंतर दीडपटीहून जास्त असताना. आफ्रिकेला वळसा घातला तरी हे पारडं फिरत नाही. किती लांबून आलं यापेक्षा कशानं आलं, हे इथं महत्त्वाचं.

मग सगळा आंबा बोटीनं का जात नाही? कारण तोडल्यावरही तो श्वास घेत राहतो आणि पिकत जातो. बटाट्यासारखा थंड करून ठेवावा, तर तेरा अंशांच्या बऱ्याच खाली नेल्यावर हापूस आतून बिघडतो, साल काळवंडते, वासही जातो. म्हणून कंटेनरमधला ऑक्सिजन कमी करून त्याचा श्वासच मंद करायचा, हा उपाय. २०२२ साली वाशीहून विकिरण केलेले आंबे समुद्रमार्गे अमेरिकेला पाठवून बघितले. पोचायला पंचवीसेक दिवस लागले. धारवाडच्या हापूसला लंडन गाठायचं असेल, तर आधी तेवढे दिवस अर्धवट झोपायला शिकावं लागेल.