अश्रूंचा महामार्ग

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात प्रिन्स जॉर्जपासून प्रिन्स रुपर्ट बंदरापर्यंत सुमारे ७२० किलोमीटरचा रस्ता जातो. नकाशावर तो महामार्ग क्रमांक १६. लोकांच्या तोंडी मात्र 'अश्रूंचा महामार्ग'. १९६९ पासून या व याला जोडणाऱ्या रस्त्यांवर अनेक मुली व स्त्रिया मारल्या गेल्या किंवा नाहीशा झाल्या. पोलिसांच्या खास पथकाच्या यादीत १८ नावे आहेत, त्यांत आदिवासी मुली मोठ्या संख्येने. आदिवासींच्या मते खरा आकडा चाळिसाच्या पुढे जातो.

या मुली रस्त्यावर एकट्या का उभ्या असत, असे ऐकणारा सहज विचारतो, आणि दोषाचे बोट नकळत मुलीकडेच वळते. वास्तविक उत्तर साधे आहे. आदिवासींच्या राखीव वसाहती दूरदूर विखुरलेल्या. दवाखाना, कचेरी, नोकरी मात्र शहरात. घरी मोटार नाही. आपल्याकडे फाट्यावर उभे राहिले की उशिरा का होईना, एस.टी. येते. तेथे ग्रेहाउंड कंपनीच्या बसगाड्या होत्या, पण मोजक्या, आणि भाडे गरिबाला न परवडणारे. मग हात दाखवून मिळेल त्या गाडीत बसणे आले.

पोलिसांकडे जाणेही सोपे नव्हते. याच पोलिसांनी एके काळी आदिवासी मुलांना घरांतून उचलून सरकारी निवासी शाळांत पोचवले होते. तक्रार घेऊन गेलेल्या आईबापांना 'गेली असेल कुठे तरी, येईल परत' असे ऐकावे लागे. २००२ साली एक गोरी तरुणी याच रस्त्यावरून नाहीशी झाली, तेव्हा कुठे देशभरच्या वृत्तपत्रांनी या रस्त्याची नीट दखल घेतली!

२०१४ साली पोलिसांनीच १९८० ते २०१२ या काळातला देशभरचा हिशेब मांडला: १,०१७ आदिवासी स्त्रियांचे खून, १६४ बेपत्ता. देशातील स्त्रियांमध्ये आदिवासी स्त्रिया शेकडा चारच्या आसपास, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांचे वजन कळते. राष्ट्रीय चौकशी आयोगाने २०१९ साली या प्रकाराला 'वंशसंहार' म्हटले व २३१ मागण्या पुढे ठेवल्या. त्या शब्दावरून तेथे पुष्कळ वाद झाला. असो.

मला मात्र २००६ साली प्रिन्स जॉर्ज येथे भरलेल्या परिषदेची एक शिफारस अधिक बोलकी वाटते: या रस्त्यावर बस सुरू करा. ती सुरू व्हायला २०१७ साल उजाडले. पुढच्याच वर्षी ग्रेहाउंडने आपल्या गाड्या बंद केल्या, तेव्हा लांब पल्ल्याच्या बसची सोय प्रांत सरकारला करावी लागली. रस्त्याच्या ज्या पट्ट्यांत मोबाइल लागत नसे, तेथे मनोरे उभारण्याची घोषणा २०२१ साली झाली. यादीतील बहुतेक प्रकरणांचा छडा अद्याप लागलेला नाही.