दवाखान्यातील तंटा आणि मालकाची जबाबदारी

दुकान कापडाचे असो वा दवाखाना दातांचा, नोकरांचे भांडण बहुधा कामाच्या वाटणीतून उगवते. काउंटरवरची बाई दर पंधरा मिनिटांनी पेशंटला वेळ देते. आतली मदतनीस म्हणते, अवजारे अजून ऑटोक्लेव्हमध्ये आहेत. १२१ अंशांवर नुसत्या वाफेलाच १५ मिनिटे लागतात. धुणे, तापणे, वाळणे वेगळे. दोघीही आपापल्या जागी बरोबर, तरी तंटा! पण घाईत हे काम अर्धवट राहिले तर हिपॅटायटिस बी एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. म्हणून डॉक्टरसाहेबांनी दोघींना समोरासमोर बसवून ऐकावे, वेळा लेखी ठरवाव्यात, अवजारांचे जादा संच घ्यावेत. पेशंटसमोर कुणालाही बोलू नये. समज द्यायचीच तर दवाखाना सुटल्यावर, एकटे बोलावून द्यावी.