नागरिकत्वाचे मोल : लिंबायतमधील स्थलांतरित आणि आपली मंडळी

प्रेषितांच्या कृत्यांच्या बाविसाव्या अध्यायात यरुशलेमच्या गढीत दोन रोमी नागरिक समोरासमोर येतात. सरदाराने आपले नागरिकत्व बरेच द्रव्य मोजून मिळविले होते. पौलाला ते जन्मतःच लाभले होते. प्रस्तुत लेखात आम्हांला विचार करावयाचा आहे तो एका तिसऱ्या प्रकारच्या माणसांचा. ती पौलाप्रमाणे जन्माने नागरिक आहेत, परंतु सरदाराप्रमाणे त्यांना त्याचे मोल द्यावे लागते. अशी माणसे सुरतेच्या लिंबायत भागात मोठ्या संख्येने राहतात.

१. एकाच देशातील परदेश

लिंबायत हा सुरतेच्या आग्नेयेस, उधन्याला लागून असलेला दाट वस्तीचा भाग. धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे येथे यंत्रमाग, रंगाई-छपाईच्या गिरण्या आणि साड्यांच्या बाजारपेठा यांवर पोट भरतात. त्यांच्या शेजारी ओडिशा, उत्तर प्रदेश व बिहार येथून आलेले कामगारही आहेत. एकोणिसावे शतक संपता संपता तापी खोऱ्यातून लोहमार्ग झाला आणि खानदेश सुरतेशी जोडला गेला. १ मे १९६० पर्यंत सुरत आणि धुळे ही दोन्ही एकाच मुंबई राज्यात होती. त्या दिवसापासून तोच प्रवास परराज्यातला ठरला.

भारतीय नागरिकास देशात कोठेही वसण्याचा हक्क संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने दिलेला आहे. त्यासाठी परवाना लागत नाही, परीक्षाही नाही. नेदरलँड्समध्ये याहून वेगळी रीत आढळते. तेथे २००७ साली अमलात आलेल्या कायद्याने परदेशातून येणाऱ्या अनेकांना डच भाषेची व समाजपरिचयाची परीक्षा बंधनकारक केली. २०१३ पासून शिकवणीचा व परीक्षेचा भार, प्रसंगी सरकारी कर्ज काढून, नवागतानेच उचलावा असे ठरले. पुढे २०२२ च्या कायद्याने मार्गदर्शनाची जबाबदारी पुन्हा नगरपालिकांकडे आली. तेथे खर्चाचा आकडा निदान कागदावर दिसतो व त्यावर वाद घालता येतो. लिंबायतमध्ये होणाऱ्या खर्चाची पावती कोणी देत नाही. म्हणून तो मोजणे अधिक अवघड आहे.

२. विनामूल्य अर्जाची किंमत

पहिला खर्च मजुरीचा. अर्ज विनामूल्य असला तरी निवासाचा पुरावा हवा, आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यास भाडेकरार लिहून देण्यास घरमालक सहसा राजी नसतो. मागावरच्या माणसाला मजुरी बहुधा मीटरवर मिळते. कचेरीत गेलेला दिवस म्हणजे बुडालेला दिवस. एक कागद कमी पडला की दुसरी फेरी, आणि दुसरी फेरी टाळावी म्हणून दलालाचे पैसे.

शिधापत्रिकेच्या बाबतीत सुधारणा झाली आहे. जानेवारी २०२० पासून महाराष्ट्र व गुजरात ही दोन्ही राज्ये शिधापत्रिकेच्या आंतरराज्य सोयीत सामील आहेत. गावची पत्रिका सुरतेतील दुकानात चालते, आणि कुटुंबाचा काही वाटा गावी, काही सुरतेत उचलता येतो. ही सोय केंद्राच्या अन्नसुरक्षा कायद्याखालील धान्यापुरतीच आहे. राज्याने स्वतःहून दिलेल्या जादा वस्तूंना ती लागू नाही.

३. एक मत, दोन गावे

दुसरा खर्च मूळ गावाशी असलेल्या नात्याचा. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार एकाचे नाव एकाहून अधिक मतदारसंघांत नोंदविता येत नाही. लिंबायतच्या यादीत यावयाचे तर गावच्या यादीतून जावे लागते. शेताचा तुकडा व म्हातारे आईबाप मागे असलेल्या माणसास हे सोपे नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये गुजरातेत मतदारयाद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झाले, तेव्हा मागील सखोल पुनरीक्षणाच्या यादीत स्वतःचे किंवा आईवडिलांचे नाव शोधण्याची वेळ आली. ज्याचे वडील त्या काळी खानदेशात होते, त्याला तो दुवा दुसऱ्या राज्याच्या यादीत धुंडाळणे भाग पडले.

हे मोल ज्यांनी दिले त्यांना त्याचे फळही मिळाले, हे सांगितले पाहिजे. लिंबायत हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ २०१२ च्या निवडणुकीपासून अस्तित्वात आला. तो ज्या नवसारी लोकसभा मतदारसंघात मोडतो, तेथून जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील २००९ पासून लागोपाठ चार वेळा निवडून आले. परंतु जुन्या पिढीचे यश गेल्या वर्षी आलेल्या मजुराच्या हाती आपोआप पडत नाही.

४. सीमेवर थांबणारा दाखला

तिसरा खर्च मुलांच्या भवितव्यास स्पर्श करतो. आंध्र प्रदेशातून बालपणी महाराष्ट्रात आलेल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली ठरविले की, अनुसूचित जाती-जमातींना मिळणाऱ्या राज्याच्या सवलती स्थलांतराबरोबर परराज्यात जात नाहीत. २०१८ च्या निर्णयात घटनापीठाने हेच तत्त्व कायम केले. नंदुरबारकडील भिल्ल किंवा गावित कुटुंबातील मुलाला केंद्राच्या सवलती मिळू शकतात. त्याच्या वडिलांच्या मूळ दाखल्याच्या आधारे मिळालेल्या प्रमाणपत्रावर गुजरात राज्याच्या सवलती मात्र मिळत नाहीत, जरी ती जमात दोन्ही राज्यांच्या यादीत असली तरी.

येथे पाळकांनी विशेष सावध असावे. ख्रिस्ती झाल्याने अनुसूचित जमातीचा दर्जा जात नाही. अनुसूचित जातीच्या बाबतीत मात्र राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाने ख्रिस्ती व्यक्तीस वगळले आहे. या दोन गोष्टींची गल्लत करून दिलेल्या सल्ल्याचे नुकसान सल्ला देणाऱ्याला नव्हे, तर मुलाला सोसावे लागते.

५. दुभाषी मूल

चौथा खर्च भाषेचा. घरी अहिराणी, कारखान्यात हिंदी, कचेरीत गुजराती. सुरत महानगरपालिकेच्या शिक्षण समितीने मराठी माध्यमाच्या शाळा चालविल्या आहेत, ही मोठी सोय होय. २०२३ च्या कायद्याने गुजरातेतील सर्व शाळांत पहिली ते आठवीपर्यंत गुजराती अनिवार्य झाली. तेथेच राहणाऱ्या मुलाने ती भाषा शिकणे हिताचे आहे. परंतु त्यामुळे बापाचा अर्ज मूल लिहिते, साहेबांचे बोलणे मूल आईला समजावून सांगते, आणि घरातील वडीलधाऱ्यांचा शब्द हलका पडतो. ही झीज कोणत्याही हिशेबात येत नाही. गृहभेटीस जाणाऱ्या धर्मशिक्षकाला ती दिसू शकते.

६. मंडळीचे कर्तव्य

मोशेच्या नियमशास्त्राने उपऱ्याला स्वदेशीयासारखे वागविण्याची आज्ञा दिली, आणि इस्राएल स्वतः मिसर देशात उपरा होता हे तिचे कारण सांगितले. या आज्ञेच्या प्रकाशात आम्हांस तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली : कुटुंब गाव सोडताना तेथील पाळकाने बाप्तिस्मा व विवाह यांचे दाखले, सभासदत्वाचे पत्र आणि वडिलांच्या जातीच्या वा जमातीच्या दाखल्याची प्रत बरोबर नेण्याची आठवण करावी. सुरतेहून गावी मारलेली एक खेप म्हणजे कित्येक दिवसांची मजुरी.

दुसरी : नवीन गावच्या मंडळीने स्वतःचा जकात-नाका उभारू नये. पत्र आले नाही, वर्गणी थकली, गुजराती गीत म्हणता येत नाही, म्हणून विवाह किंवा दफनविधी अडून राहत असेल, तर जे कचेरीत घडते तेच वेदीपाशी घडले असे म्हणावे लागेल. बारा तासांच्या पाळीत काम करणाऱ्याला सोयीची उपासनेची वेळ ठरविणे हाही त्याच कर्तव्याचा भाग होय.

तिसरी : मंडळीतील लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढांनी आठवड्यातून एक संध्याकाळ अर्ज भरून देण्यासाठी राखून ठेवावी. त्याने मुलाच्या खांद्यावरचे ओझे उतरते आणि दलालाचे पैसेही वाचतात.

इफिसकरांस लिहिताना प्रेषित परक्यांना देवाच्या घरचे सहनागरिक म्हणतो. तेथील प्रवेशाचे मोल दुसऱ्याने दिलेले आहे. ज्यांचे मोल असे भरले गेले, त्यांनी लिंबायतच्या खोलीत राहणाऱ्या नवागताकडे प्रथम कागद मागावा, की त्याला कागद मिळवून देण्यास त्याच्याबरोबर कचेरीत जावे, याचा निर्णय प्रत्येक मंडळीच्या पंचांनी आपल्या पुढच्याच सभेत घ्यावा, अशी आमची विनंती आहे.