वडिलांसाठी कलमतराश

आमच्या आजोबांच्या कलमदानात जो घडीचा चाकू असे त्याला ते चाकू म्हणत नसत, कलमतराश म्हणत; आणि मामलेदार कचेरीत तीस वर्षे मोडीतले खर्डे उतरवून काढलेल्या त्या कारकुनाच्या लेखी या शब्दात शस्त्राचा लवलेशही नव्हता, कारण त्या पात्याचे काम एवढेच की बोरूचे टोक तिरके छाटावे, मध्यभागी बारीक चीर पाडावी, आणि दुपारपर्यंत ते टोक बोथटले की पुन्हा छाटावे. मूठ शिंगाची, पाते पोलादी, आणि पात्याच्या बुडाशी ‘शेफील्ड’ ही इंग्रजी अक्षरे कोरलेली. त्यांतली पहिली तीन आता झिजून गेली आहेत. इंग्लंडातील त्या एका शहराने शेकडो वर्षे चाकू-सुऱ्या घडवल्या आणि त्या साऱ्या साम्राज्यभर पोचवल्या, तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कारकुनाच्या खिशात त्यांतला एक येऊन पडावा यात नवल नव्हते. नवल असेल तर ते इतकेच की तो आजतागायत टिकला.

आजोबांमागे तो वडिलांकडे आला. त्यांनी पेन्शनीत निघाल्यावर बोरूऐवजी आंब्याच्या काड्या छाटायला घेतल्या, आणि आपल्या भाषेत लेखणीलाही कलम व झाडावर बांधतात त्यालाही कलमच म्हणत असल्यामुळे कलमतराशाला आपले नाव बदलावे लागले नाही. दरवर्षी खंडेनवमीला कोयता, विळी आणि पावशी यांच्या रांगेत तो पाटावर मांडला जातो, त्याला गंध-फूल वाहिले जाते. पण अलीकडे त्याची कमान सैल झाली होती. अशा घडीच्या चाकूत मुठीच्या पाठीला पोलादाची एक पट्टी असते. उघडलेल्या पात्याला तीच धरून ठेवते, आणि तिच्यातला ताठा गेला की पाते केव्हाही मिटून बोटावर येते. वडिलांचे तसे झाले. जखम लहानशीच होती, परंतु त्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्याने ती दोन दिवस ठिपकत राहिली, आणि आईने मला फोनवर एवढेच सांगितले, “त्यांना नवा चाकू आण. जुना मी देव्हाऱ्याखाली ठेवते.” आषाढात त्यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण व्हायची होती.

चाकू भेट देण्याला आपल्याकडे थोडा संकोच आड येतो. चित्रपटांनी रामपुरीची जी कीर्ती घरोघर पोचवली तिच्यामुळे घडीचा चाकू म्हटला की पंचनामा आठवतो, हे त्या बिचाऱ्या अवजारावर अन्यायाचे आहे असे मला मनापासून वाटते. सुतळी कापणे, पाकीट फोडणे, पेरूच्या फोडी करणे, पेन्सिलीला टोक काढणे ही ज्याची नित्यकर्मे, त्याची जागा अडकित्ता आणि चष्मा यांच्या शेजारी आहे. आणि पित्याला द्यायच्या वस्तूंत असा चाकू मला विशेष योग्य वाटतो. कारण तो देताना आपण त्यांना विश्रांती घ्या असे सुचवत नाही, त्यांच्या हातात अजून काम आहे हे मान्य करतो.

दुकानाच्या काचेमागे सर्वांत आधी नजरेत भरतो तो स्विस सैनिकी चाकू, आणि त्याची कथाही मोह पाडणारी आहे. कार्ल एल्झनर याने १८८४ साली श्वीझ परगण्यातील इबाख या गावी कारखाना काढला. स्विस सैन्याचे चाकू तोवर जर्मनीतून येत, ते १८९१ पासून तो पुरवू लागला. आणि अधिकाऱ्यांसाठी केलेल्या हलक्या, अनेक पात्यांच्या चाकूची त्याने १८९७ साली नोंदणी केली. १९०९ साली त्याची आई वारली, तेव्हा तिचे व्हिक्टोरिया हे नाव त्याने आपल्या मालाला दिले, आणि पुढे १९२१ मध्ये न गंजणारे पोलाद आल्यावर त्या पोलादाच्या ‘इनॉक्स’ या फ्रेंच संज्ञेचा तुकडा त्या नावाला जोडला गेला, तो व्हिक्टोरिनॉक्स. मातेचे नाव शतकाहून अधिक काळ असंख्य खिशांतून फिरत राहावे ही गोष्ट मला हृद्य वाटते, आणि प्रवासात पिशवी बाळगणाऱ्या आईसाठी त्यातली चिमुकली कात्री आणि चिमटा असलेला लहान नमुना मी डोळे मिटून घेईन. वडिलांसाठी मात्र मी तो परत ठेवला. त्याच्या नेहमीच्या नमुन्यात पात्याला कुलूप नसते, ते कमानीवरच उभे असते. ते उघडायला नखाने खाचेत ओढावे लागते. आणि ज्यांच्या अंगठ्याचा सांधा पावसाळ्यात धरतो त्यांनी नखाच्या बळावर ताठ कमान उचलावी ही अपेक्षा गैरवाजवी आहे.

दुसरा मोह ओपिनेलचा. फ्रान्सच्या सावोय या डोंगरी मुलखात जोसेफ ओपिनेल याने १८९० च्या सुमारास घडवलेला हा शेतकऱ्याचा चाकू: बीच लाकडाची गोल मूठ, तीत एकच पाते, आणि १९५५ पासून मुठीच्या तोंडाशी फिरणारे एक पोलादी कडे, जे वळवले की पाते उघड्या स्थितीत जखडते. आठ क्रमांकाचे पाते साडेआठ सेंटीमीटरचे. याच्याइतका निरलंकार आणि सुंदर चाकू मी पाहिलेला नाही. पण लाकूड ओल पिते आणि फुगते, फुगले की पाते मुठीत घट्ट अडकते. सावोयचे शेतकरी अशा वेळी मुठीचे बूड कशावर तरी आपटून पाते बाहेर काढतात. जिथे आषाढात दाराच्या फळ्याही फुगून बसत नाहीत, त्या आमच्या कोकणात वडिलांनी कलमे बांधायच्या ऐन हंगामात हा चाकू पायरीवर आपटत बसावा हे मला पटेना.

खरे सांगायचे तर त्याच्या आदल्या वर्षीच मी एक चूक करून बसलो होतो. कलमे बांधतात तर कलमांचाच चाकू द्यावा या सरळ विचाराने शहरातल्या एका दुकानातून परदेशी बनावटीचा खास चाकू घेतला. विक्रेत्याने तो कोणत्याही हाताला चालतो असे सांगितले, आणि मी त्यावर विसंबलो. वडिलांनी तो दोन दिवस वापरला, तिसऱ्या दिवशी पुसून, तेल लावून, पुन्हा डबीत ठेवला. विचारले तेव्हा म्हणाले, “चांगला आहे. मलाच जमत नाही.” माझे वडील डावखुरे आहेत.

इथे कलमाची कृती थोडी जवळून पाहिली पाहिजे, म्हणजे दोष कुठे होता ते कळेल. कोय रुजून वर आलेले रोप दहा-पंधरा दिवसांचे, अजून तांबूस पानांचे असते. वडील त्याचा शेंडा उडवतात आणि राहिलेल्या खोडाला मधोमध चार-पाच सेंटीमीटरांची उभी चीर देतात. हापूसची तीन-चार महिन्यांची काडी, जिची पाने आठवडाभर आधी काढून ठेवलेली असतात, ती बुडाशी दोन्ही अंगांनी तासून तिची पाचर करतात. ही पाचर चिरेत अशी बसवायची की काडीच्या सालीखालचा जिवंत थर निदान एका बाजूने तरी रोपाच्या तशाच थराला नेमका भिडावा. मग वर प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. सारे यश पाचरीच्या सपाटपणावर. छेद एका ओढीत, आरशासारखा सपाट निघाला तर थर जुळतो. पाते डगमगले, छेदाला लाट आली, तर मध्ये हवा राहते आणि काडी काळी पडते. म्हणूनच कलमाच्या चाकूला धार एकाच अंगाने लावलेली असते: दुसरे अंग पूर्ण सपाट, ते काडीवर रंध्यासारखे टेकून सरकते. पण हे सपाट अंग कोणत्या बाजूला, हे चाकू धरणाऱ्या हातावरून ठरते. उजव्या हातासाठी केलेला चाकू डाव्या हातात दिला की उतरती बाजू काडीला लागते, आणि पाते आत तरी घुसते नाही तर बाहेर तरी निसटते.

मग मला सुचायला हवे होते ते उशिरा सुचले: सल्ला जुन्या चाकूला विचारावा. देव्हाऱ्याखालून तो काढून मी खिडकीपाशी नेला. पाते मूळच्या रुंदीच्या जेमतेम निम्मे उरले होते, आणि मध्यावर थोडे आत गेले होते, म्हणजे काम टोकाने नव्हे, पोटाने होत होते. आणि उन्हात आडवा धरला तेव्हा दिसले की आजोबांच्या उजव्या हातातली, दोन्ही अंगांनी घासलेली शेफील्डची धार वडिलांनी पंधरा-वीस पावसाळ्यांत, निसण्यावर एकच बाजू घासत घासत, स्वतःच्या डाव्या हाताची करून घेतली होती. दुसरी बाजू काचेसारखी सपाट होती. तळाशी, अंगठा टेकतो तिथे, शिंगाला उथळ खळगा पडला होता. माझा अंगठा त्यात बसला नाही.

या पाहणीनंतर निवड सोपी झाली. पाते एकच, सरळ, सुमारे तीन इंचांचे; धार तूर्त दोन्ही अंगांनी असली तरी चालेल, कारण ती बदलता येते. पोलाद न गंजणारे. कार्बन पोलादाला धार लवकर येते आणि लोखंडाचा शौकीन त्याचीच शिफारस करील, पण कैरीच्या आंबटाने ते काळवंडते आणि खाऱ्या वाऱ्याने गंजते, आणि पंचाहत्तराव्या वर्षी रोज खोबरेल लावायची शिस्त कोणावर लादू नये. १९१३ साली शेफील्डच्याच हॅरी ब्रिअर्लीने पोलादात क्रोमियम मिसळून हा प्रश्न सोडवला, ते उपकार घ्यावेत. पाते जखडणारे कुलूप मुठीच्या पाठीवर, म्हणजे दाबायला कोणताही हात चालतो. आणि उघडण्यासाठी नखाची खाच नको, पात्यात आरपार गोल भोक हवे. १९८१ साली अमेरिकेतल्या स्पायडर्को कंपनीने ही युक्ती बाजारात आणली, आणि भोक आरपार असल्यामुळे ते डाव्या अंगठ्यालाही उजव्याइतकेच आपले वाटते. मूठ खडबडीत आणि रंगाने भगवी घेतली, पालापाचोळ्यात पडली तर दिसावी म्हणून. दुकानात मी तो डाव्या हाताने, हात ओला करून, वीस वेळा उघडला-मिटला.

कायद्याविषयी दोन शब्द. शस्त्र अधिनियमाखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची गणना शस्त्रांत होते, आणि घरगुती व शेतीकामाची अवजारे त्यातून वगळलेली आहेत. तेव्हा असा चाकू घरी-वाडीत ठेवायला परवाना लागत नाही. पण मनाई आदेश जारी असताना तो खिशात घालून गर्दीत जाऊ नये, आणि विमानप्रवासात तो हाताच्या पिशवीत न ठेवता सामानात द्यावा.

गावी जाताना तालुक्याच्या आठवडी बाजारात उतरलो. तिथे शिकलगार बसतो; फारसीतल्या ‘सैकल’, म्हणजे झिलई, या शब्दावरून आलेले हे नाव त्याच्या चाकाइतकेच जुने असावे. त्याच्यापुढे जुना आणि नवा असे दोन्ही चाकू ठेवले. त्याने जुन्याची धार नखावर टेकवून पाहिली, विचारले, “डावरे काय?” आणि पुढे काही न विचारता नव्याचे एक अंग चाकावर सपाट करायला घेतले, पाणी सोडत, थांबत, पाते तापून त्याचे पाणी उतरू नये म्हणून बोट लावून पाहत, त्याने अर्धा तास घेतला.

घरी वडील पडवीत रोपे मांडून बसले होते. मी चाकू पुढे केला तर म्हणाले, “हातोहात देऊ नये. खाली ठेव, मी उचलतो.” मी तो पाटावर ठेवला. त्यांनी उचलला, अंगठ्याने भोकात रेटून उघडला, कुलूप लागल्याचा आवाज ऐकला, पाते उजेडाकडे धरून दोन्ही अंगे पाहिली, आणि माझ्याकडे पाहिले. बोलले काही नाही. काडी घेतली, एका ओढीत एक अंग, दुसऱ्या ओढीत दुसरे. पाचर चिरेत सरकवली, पट्टी गुंडाळली. मग शर्टाच्या खिशातली पेन्सिल काढून तिलाही त्याच पात्याने टोक केले आणि पत्र्याच्या चिठ्ठीवर कचेरीतल्या वळणदार अक्षरात तिथी, जात आणि अनुक्रमांक लिहून ती रोपाला बांधली.