स्पीकर नवे, पण खोली तीच!

ऐकत असाल किंवा इथे वाचत असाल, आधी एक काम करा. खोलीच्या मधोमध उभे राहा आणि जोरात एकच टाळी वाजवा.

[टाळीचा आवाज]

टाळीच्या मागोमाग 'टर्रर्र' असं काहीतरी बारीक, पत्र्यासारखं ऐकू आलं? म्हणजे समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती तुमची टाळी एकमेकींकडे टोलवतायत. गाण्याचंही हेच होतं. झांजा कानाला बोचतात, शब्द धूसर होतात आणि आपण म्हणतो, स्पीकरच भंगार! मग पैसे साठवून नवे आणतो, आणि तेही तसेच वाजतात.

खोलीतल्या सामानाचा हिशोब पद्धतशीर मांडला तो अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात. १८९५ साली तिथल्या फॉग म्युझियममध्ये नवं व्याख्यानगृह सुरू झालं, पण बोलणं कुणाला धड कळेना. आवाज साधारण साडेपाच सेकंद घुमत राहायचा. वॉलेस सबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकावर हे काम आलं. त्यानं जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या बाकांवरच्या गाद्या उचलून आणल्या. रात्री सगळं शांत झालं की ऑर्गनची एक नळी वाजवायची, थांबवायची आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजायचा. गाद्या वाढल्या की घुमणं कमी. शोषण मोजायचं त्याचं माप काय होतं? उघडी खिडकी! तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही. (भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांसाठी यापेक्षा स्वस्त उपाय नाही. फक्त शेजारी चांगले हवेत.)

आपल्याकडे गाद्या, गोधड्या आहेतच. त्या कुठे लावायच्या ते आरसा सांगतो. तुम्ही नेहमीच्या जागी बसा आणि मित्राला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायला सांगा. जिथे आरशात स्पीकर दिसेल, तिथूनच आवाज आपटून तुमच्या कानाशी येतो. गोधडी तिथे. पडदा असेल तर जाड, भरपूर चुण्यांचा आणि भिंतीपासून थोडा सुटा. पुस्तकांचं उघडं, वेडंवाकडं भरलेलं कपाटही छान, ते आवाज विखरून टाकतं. अंड्यांचे ट्रे मात्र कृपा करून चिकटवू नका. त्यांनी ना बेस अडतो, ना खालच्या मजल्यावरचे काका शांत होतात.

खरी गंमत बेसची. ५००० हर्ट्झच्या आवाजाची लाट जेमतेम ७ सेंटिमीटर असते, तिला गोधडी पुरते. ५७ हर्ट्झची लाट मात्र ६ मीटर लांब! तिच्यापुढे गोधडी म्हणजे काहीच नाही. आणि आपली दहा बाय दहाची खोली साधारण ३ मीटरची, म्हणजे बरोबर अर्धी लाट तिच्यात बसते. लांबी-रुंदी सारखी असल्यामुळे दोन्ही दिशांना तेच. बेस गिटारची 'ए' तार ५५ हर्ट्झला वाजते, अगदी त्याच्याच शेजारी. त्यामुळे भिंतीला टेकून बसलात तर तो स्वर छातीवर बसतो, खोलीच्या मधोमध बसलात तर जवळजवळ गायब होतो. गाणं तेच, स्पीकर तेच, फरक फक्त खुर्चीचा.

म्हणून बेससाठी सामान आणू नका, सरका. स्पीकर कोपऱ्यात कोंबला असेल तर फूटभर बाहेर ओढा, कारण कोपरा बेस फुगवतो. खुर्ची वीतभर पुढे-मागे करत तेच गाणं पुन्हा लावा. अर्धा तास जाईल, पण पैसा लागणार नाही.

आता राहिलं लोखंडी कपाट. फोनवर टोन जनरेटरचं ॲप घ्या, आवाज बेताचा ठेवा आणि ३० हर्ट्झपासून हळूहळू २०० पर्यंत या. मध्येच कुठेतरी कपाटाचं दार, भिंतीवरची फ्रेम किंवा वरचा डबा थरथरायला लागेल. बोट ठेवून बघा, थरथर थांबली की चोर सापडला. दारात दुमडलेला कागद, फ्रेममागे फेल्टचा तुकडा, आणि डबा सरळ स्वयंपाकघरात.