खिळ्याचा चुंबक आणि दोन सेलचे कोडे

मंडळाच्या रविवारच्या बालवर्गात यंदा आम्ही विद्युतचुंबक करायला घेतला. साहित्य साधेच: चार इंची लोखंडी खिळा, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून आणलेली तांब्याची तार, पेन्सिल सेल आणि टाचण्या. खिळ्यावर तारेचे १०० वेढे एकाच दिशेने घातले आणि टोकांवरचा इनॅमलचा थर पॉलिश पेपरने घासून काढला. सेल जोडला की खिळा टाचण्या उचली, काढला की बहुतेक सोडून देई.

प्रवाह वाढला की चुंबकाचा जोर वाढतो, हे मुलांनी पुस्तकात वाचले होते. म्हणून त्यांनी एकाऐवजी दोन सेल जोडले. टाचण्या निदान दुप्पट उचलल्या जातील अशी अपेक्षा होती. पण थोड्याच वाढल्या. "वहीत पुस्तकातलं उत्तर लिहून टाका," असे आम्हा मोठ्यांपैकीच कोणीतरी म्हणाले. मुले ऐकेनात.

मग मल्टिमीटर आणला आणि चूक सापडली. आम्ही सेल मोजत होतो, प्रवाह मोजतच नव्हतो.

दोन सेल एकापुढे एक जोडले की व्होल्टेज दुप्पट होते. पण ओहमने १८२७ मध्ये मांडलेल्या नियमानुसार प्रवाह ठरतो तो व्होल्टेज आणि रोध या दोन्हींवर. आमच्या जाड तारेचा रोध अगदी कमी होता, जवळपास सेलच्या आतल्या रोधाइतकाच. दुसऱ्या सेलबरोबर त्याचा आतला रोधही मंडलात आला. त्यामुळे प्रवाह वाढला, पण दुप्पट झाला नाही. शिवाय तार तापू लागली आणि सेल लवकर उतरले.

उपाय स्वस्तात झाला. मंडलात ४.७ ओहमचा, ५ वॅटचा एक रेझिस्टर घातला. आता सेलच्या आतल्या रोधाचे फारसे चालेना. नव्या सेलवर एकाला साधारण ०.३, दोनला ०.५५ आणि तीनला ०.७५ ॲम्पिअरच्या आसपास प्रवाह मिळतो. यानंतर प्रवाहाबरोबर टाचण्या कशा वाढतात ते स्पष्ट दिसू लागले.

असे का होते? लोखंडात सूक्ष्म चुंबकीय भाग असतात, एरवी वाटेल त्या दिशांना तोंड करून. तारेतल्या प्रवाहाने तयार झालेले क्षेत्र त्यांना एका दिशेला वळवते. प्रवाह जास्त, तर वळणारे भाग जास्त. सगळे वळून झाले की मात्र प्रवाह वाढवूनही फारसा फरक पडत नाही. टाचण्या उचलण्याइतक्या प्रवाहात आपला खिळा तिथवर पोहोचत नाही. इंग्लंडच्या विल्यम स्टर्जनने १८२५ मध्ये असाच चुंबक दाखवला होता: सुमारे २०० ग्रॅमच्या लोखंडाने सुमारे ४ किलो वजन उचलले!

घरी करून पाहणाऱ्यांसाठी काही सूचना:

- प्रवाह कमीकडून जास्तीकडे न्या. खिळ्यात थोडे चुंबकत्व मागे उरते, त्यामुळे उलट क्रमाने आकडे फसवतात.
- प्रत्येक प्रवाहाला तीनदा मोजा आणि सरासरी घ्या.
- पाच-सहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ जोडून ठेवू नका.
- भिंतीवरच्या प्लगला तार कधीही लावू नका.

मुलांच्या वहीत आता दोन तक्ते आहेत. पहिला, "चुकलेला" तक्ता आम्ही खोडू दिला नाही. मल्टिमीटर आणायची बुद्धी त्यानेच दिली. पुढच्या वेळी प्रवाह तोच ठेवून वेढे बदलणार आहोत.